राज्यकर्त्यांची बाग

इ. स. २०२० च्या मे महिन्यांत इंग्लंडांत जितकें ऊन पडलें, तितकें नोंदी ठेवूं लागल्यापासून तेथें कोणत्याहि महिन्यांत पडलें नव्हतें. त्यांतच उत्तरार्धांत सोसाट्याचा वारा सुटला. करोनाच्या सांथीमुळें मी तिकडे घरींच अडकलों होतों, तेव्हां वाऱ्याचे खेळ पाहण्यास सवड भरपूर होती. काचेआड वाढविलेलीं टोमॅटोचीं रोपें बाहेर आणतांच आडवीं झालीं. आठवडाभर थोडथोडा वेळ उघड्यावर ठेवून जीं सरावविलीं होतीं, तीं आंखूड दिसलीं तरी उभीं राहिलीं.

त्या दिवसांत स्वतःच्या बागेंतहि दुसऱ्या घरचा पाहुणा बोलाविण्यास मनाई होती. कुंपणापलीकडील वृद्ध शेजारणीचा भाऊ इस्पितळांत वारला; तिला त्याच्यापाशीं जातां आलें नाहीं. 'नियम आहे,' एवढेंच म्हणून ती वाऱ्यानें पडलेल्या वेलांच्या काठ्या पुन्हा रोवूं लागली.

पुढें उघड झालें कीं, त्याच महिन्याच्या २० तारखेस सायंकाळीं लंडनमध्यें पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या बागेंत मद्यपानाचा मेळावा भरला होता. पुष्कळ जणांना आमंत्रण होतें. आपलें पेय आपण आणावें, अशी सूचनाहि होती. पंतप्रधान बोरिस जॉन्सन तेथें सुमारें पंचवीस मिनिटें होते. तो कामाचाच भाग आहे अशी आपली समजूत होती, असें सांगून त्यांनीं १२ जानेवारी २०२२ रोजीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. काचेआडच्या रोपांची उपमा त्यांना देण्याचा मोह होतो. पण ती न्याय्य नाहीं. २०२० च्या एप्रिलांत या रोगानें ते स्वतः अतिदक्षता विभागांत होते. वारा त्यांनाहि लागला होता, आणि म्हणूनच त्यांची वागणूक अधिक दुर्बोध वाटते.

'मग मीं जायला हवें होतें का?' असें शेजारणीनें विचारलें. नको होतें. ती घरीं राहिली ती पंतप्रधानांसाठीं नव्हे. इस्पितळांतील परिचारिकांसाठीं आणि अनोळखी रोग्यांसाठीं राहिली. नियम करणारानेंच तो मोडला, म्हणून हें ऋण फिटत नाहीं. परंतु सोसावें लागलें तें सर्वांनाच, एवढा एकच दिलासा तिच्याजवळ होता. तो मात्र गेला.

एप्रिल २०२२ मध्यें, १९ जून २०२० च्या दुसऱ्या एका मेळाव्याबद्दल, पोलिसांनीं जॉन्सन यांना दंड केला आणि तो त्यांनीं भरला. तेवढ्यानें हिशेब मिटला, असें मानणारेहि पुष्कळ होते.