सवलतीतली दिनदर्शिका आणि न खपणारी कादंबरी

जानेवारी सरत आला की दिनदर्शिकेची किंमत उतरू लागते. एखादा छोटा प्रकाशक उरलेल्या प्रती निम्म्या किमतीत देऊ करतो आणि त्याच जाहिरातीत खाली, बारीक अक्षरांत, आपल्या प्रयोगशील कादंबऱ्यांची यादी देतो. आपण दिनदर्शिका घेतो. यादी वाचत नाही. या साध्या व्यवहारात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. जे खपते त्याच्या मिळकतीवर जे खपत नाही ते जगवणे उचित आहे काय? आणि असल्यास त्यात वाचकाचे कर्तव्य कोणते?

प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले. शाईत चरबी असते, म्हणून छापील कागद विटाळाचा, अशी त्या काळची समजूत. त्यांनी शाईत तूप वापरले, असे सांगतात. सोवळ्या घरांत छापील अक्षर शिरले ते पंचांगाचे बोट धरून. पोथ्यापुस्तके मागून आली. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने पंचांगही काढले आणि काव्यमालेतून संस्कृत ग्रंथही. १९७३ साली जयंत साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले. त्याच्या पानांमागे वाचनीय मजकूर असे, त्यामुळे तिथी पाहावयास आलेला माणूस पान उलटून लेखही वाचू लागला.

असा आधार नसला म्हणजे काय होते, हे लघुनियतकालिकांनी दाखविले. १९५४ चे ‘शब्द’, १९६३ चे ‘असो’ यांनी मराठी लेखनाची दिशा पालटण्यास हातभार लावला. पण ती स्वतः अल्पायुषी ठरली. याउलट पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने १९५९ साली वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ काढली आणि १९६३ साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. पहिली घरोघर गेली. दुसरीने रूढ वाचकास बुचकळ्यात टाकले. आज ‘कोसला’ वगळून मराठी कादंबरीची वाटचाल सांगता येत नाही. एकाच घरात कमावता आणि न कमावता असे दोघे नांदले, तर घराची शोभा जात नाही, एवढे यावरून दिसते.

यावर एक आक्षेप संभवतो. मुहूर्त आणि राशिफल विकून आलेल्या पैशांत, त्याच श्रद्धांना प्रश्न विचारणारी कादंबरी छापणे हा दुटप्पीपणा नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. परंतु ग्राहकाने तिथी मागितली आणि त्याला बिनचूक तिथी मिळाली, तर फसवणूक कोठे झाली? फसवणूक होईल ती प्रकाशकाने दिनदर्शिकेत हयगय केली तर. कमावत्या पुस्तकाला तुच्छ लेखून त्याच्याच भाकरीवर जगणारा प्रकाशक मात्र आमच्या मते दोषी होय.

सवलतीचा विचार वेगळा करावा लागतो. दिनदर्शिकेचा एकेक दिवस खर्ची पडतो; म्हणून तिची किंमत उतरणे न्याय्यच आहे. प्रयोगशील कादंबरीचे दिवस असे सरत नाहीत. पुष्कळदा ते अजून यावयाचे असतात. तिच्यावरही तोच सवलतीचा शिक्का मारला की, ती शिळी झाली असे आपण नकळत मान्य करतो. दिनदर्शिकेच्या कमाईने प्रकाशकाला एकच गोष्ट विकत घेता येते, ती म्हणजे वाट पाहण्याची ऐपत. तेवढे पुरे आहे.

आता आपल्याकडे वळू. आपला आदिलाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ च्या पुनर्रचनेत राजुरा, किनवट हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले. इचोडा आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. मुले तेलुगू किंवा इंग्रजीत शिकतात. आपल्या अनेक घरांत छापील मराठी उरली आहे ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुरती. पाडवा आणि उगादी एकाच तिथीस येतात, केसलापूरच्या नागोबाची जत्रा पौषी अमावास्येस भरते, एवढे ती सांगते. परंतु कापसाचा भाव तेलुगूत करणारा, बाजारात उर्दू बोलणारा, गोंड शेजाऱ्याशी त्याच्या चार शब्दांत हसणारा आणि घरी आईशी मराठी बोलणारा आपला माणूस मनात कोणत्या भाषेत दुःख करतो, हे ती सांगू शकत नाही. प्रमाणभाषेच्या चौकटीतली कादंबरीही सहसा सांगत नाही. आपली ही सरमिसळ बोली कागदावर उतरविण्याचे धाडस झालेच, तर ते एखाद्या छोट्या प्रकाशकाच्या न खपणाऱ्या पुस्तकातच होईल.

म्हणून दयेपोटी पुस्तक घ्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. भाषेवर उपकार म्हणून घेतलेले आणि न उघडलेले पुस्तक हा त्या पुस्तकाचा अपमानच आहे. दिनदर्शिका जरूर घ्यावी, सवलतीत मिळाली तर अधिक चांगले. फक्त खालची बारीक अक्षरांतली यादी एकदा वाचावी, त्यातले एक पुस्तक पूर्ण किमतीस घ्यावे आणि नावडले तर का नावडले ते घरात मराठीतून बोलावे. जी भाषा केवळ तिथीपुरती उरते ती देवघरातल्या वस्तूसारखी होते. तिची पूजा होते, तिच्यात भांडण होत नाही. आपल्या नातवंडांनी या भाषेत भांडावे, अशी आमची इच्छा आहे.