मन्सूरचे पक्षी

चित्रकला इस्लामला मान्य आहे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा वादासाठीच विचारला जातो. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. बुखारी शरीफमध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आलेल्या एका कारागिराची हकीकत आहे. चित्रे काढण्यावरच त्याचे पोट होते. तसबीर काढणाऱ्याला कयामतीच्या दिवशी तिच्यात रूह फुंकायला सांगितले जाईल, ही हदीस ऐकून त्याचा चेहरा पडला. तेव्हा, काढायचेच असेल तर झाडे काढ, निर्जीव वस्तू काढ, असे त्याला सांगण्यात आले. इशारा कडक आहे, पण त्या गरिबाच्या रोजीचाही विचार त्यात आहे. वाद घालणारे नेमका तोच विसरतात. दमास्कसच्या जामा मशिदीत (इ. स. 706 ते 715) भिंतींवर मोझेकमध्ये नदी, वाडे, डेरेदार झाडे आहेत. माणूस नाही, पशुपक्षी नाही.

उस्ताद मन्सूर मात्र झाडांपाशी थांबला नाही. जहांगीर बादशहाने त्याला ‘नादिरुल अस्र’ हा खिताब दिला होता. 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून अपूर्व प्राणी आणले, त्यांतला टर्की कोंबडा मन्सूरने पीस न् पीस निरखून रंगवला. 1620 च्या काश्मीर दौऱ्यात त्याने शंभरावर फुले चितारल्याचे जहांगीरने लिहून ठेवले आहे. त्यांतली फार थोडी उरली. लाल ट्युलिप अलीगढच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे.

ही खालिकशी बरोबरी म्हणायची का? मी आलिम नाही, आणि उलेमांचेही यावर एकमत नाही. पण बरोबरी करणारा स्वतःच्या मनातला प्राणी घडवील. मन्सूर मनाचे काहीच घालत नाही. समोर जे आहे त्याच्यापुढे तो मान खाली घालून बसतो. अकबराचेही म्हणणे असेच असल्याचे अबुल फजल सांगतो: जीव घालता येत नाही, हे चित्रकाराइतके कोणाला कळणार?

कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये मन्सूरचा सायबेरियन क्रौंच आहे. भरतपूरला हा पक्षी 2002 नंतर आलेला नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये डोडोचे एक चित्र आहे, तेही मन्सूरचेच मानतात. डोडो सतराव्या शतकातच संपला. रूह फुंकण्याचा सवाल चित्रकाराला होणार असेल, तर रूह काढून घेणाऱ्यांना कोणता होईल, याची चर्चा आपल्या जलशांत मी तरी ऐकलेली नाही.

आमच्या उर्दू शाळेत मुले पोपट काढतात आणि मग त्याच्या मानेवर आडवी रेघ ओढतात, म्हणजे त्यात जीव उरला नाही. ती रेघ मी पुसायला लावत नाही. घरून आलेली अदब आहे ती. फक्त रेघ ओढण्यापूर्वी विचारते, पोपटाच्या पायाला पुढे बोटे किती आणि मागे किती? बहुतेकांनी तीन पुढे, एक मागे काढलेले असते, कावळ्यासारखे. दुसऱ्या दिवशी दोघेतिघे तरी पाहून येतात: दोन पुढे, दोन मागे.