आजीची नक्कल

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चित्र टिपले. त्यातून ‘अंकुराची वाढ’ हा जेमतेम मिनिटभराचा चित्रपट झाला. तो पाहून भांडवल उभे राहिले, आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. मिनिटभरात माणसे जिंकण्याची विद्या आपल्याकडे कालची नव्हे.

आज ती भिवंडीजवळच्या वळ गावातल्या पोराच्या खिशात आहे. भातशेतीच्या या पट्ट्यात आता गोदामांच्या रांगा आहेत. समजा, अशाच एका गोदामात माल चढवणारा आगरी तरुण सुटीच्या दिवशी भाताची लावणी, खाडीतली मासेमारी यांची रीळे काढतो. शे-दीडशे लोक पाहतात. मग एकदा तो आजीच्या बोलण्याची नक्कल करतो; वीस हजार! आता आजीला रोज वेठीला धरायचे की नाही?

कोणी म्हणेल, तमाशातला सोंगाड्याही गावाची टिंगल करीतच असे. खरे आहे. परंतु ते गाव त्याच्या समोर बसलेले असे. चेष्टा झोंबली तर तिथल्या तिथे उत्तर मिळे. इथे हसणारे आजीला ओळखत नाहीत, आणि आजीला ते दिसत नाहीत. शिवाय ते वीस हजार तरी कोण? ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबवर शॉर्ट नुसता सुरू झाला तरी तो पाहिला असे धरतात. अंगठा पुढे सरकवणाराही प्रेक्षकच! कीर्तनकाराच्या श्रोत्यांतही जांभया देणारे असत, पण बुवांना जांभई दिसे.

तरीही या पोराला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. शाळेत जी बोली खोडून काढली जाते, ती हजारोंनी कौतुकाने ऐकावी, ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि हमालीच्या जोडीला चार पैसे मिळाले तर कोणाला नको आहेत? बरे, हा आकडाही त्याच्या मालकीचा नाही. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा कित्येकांचे जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. आजी मात्र घरातच होती.

मला वाटते, रीळ जगाला दाखवण्याआधी त्याने ते तिला दाखवावे. ती रागावेल, कदाचित पोट धरून हसेलही. आणि मग म्हणेल, पुन्हा काढ, या वेळी मी स्वतःच बोलते.