थेंबाचा पत्ता

मोटारसायकलच्या इंजिनातलं तेल जिथून गळतं तिथे सहसा पडत नाही. हे वाक्य एखाद्या उपनिषदात असतं, तर त्यावर चार भाष्यं झाली असती, दोन मठ निघाले असते आणि त्या दोन मठांचं आपसात बोलणं बंद झालं असतं. पण ते ज्ञान उगवलं आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली, आणि निमित्त झालं फरशीवरच्या रुपयाएवढ्या काळ्या डागाचं. त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या इतिहासात त्याची नोंद व्हायची आशा नाही. आपण आपली इथे करून ठेवू.

डाग माझ्या मोटारसायकलखाली होता. गाडी कोणत्या कंपनीची ते विचारू नका. एक सिलिंडर, फोर स्ट्रोक आणि वयानं आमच्या थोरल्या चिरंजीवांपेक्षा दोन वर्षांनी मोठी, एवढी ओळख पुरे. महिनाभर लेकीकडे राहून आम्ही परतलो, आठ दिवस गाडी फिरली आणि नवव्या दिवशी सोसायटीचे चिटणीस दारात उभे राहिले. "तुमची गाडी गळतेय," ते म्हणाले. 'तुमचा मुलगा परीक्षेत कॉपी करताना सापडला' हे वाक्य ज्या आवाजात सांगतात, अगदी त्याच आवाजात.

रविवारी सकाळी तपास सुरू झाला. आपल्याकडे माणूस एकटा जेवू शकतो, एकटा आजारी पडू शकतो, पण गाडी उघडून एकटा बसू शकत नाही. पाना हातात घेतल्याला पाच मिनिटं झाली नाहीत तोच पंगत जमली आणि सल्ल्यांचं वाढप सुरू झालं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, "ड्रेन प्लग! थेंब त्यालाच लटकलाय. आणखी काय पुरावा हवा?" त्यांच्या मागून एक आवाज आला, "तेल जास्त भरलं असणार." मी पट्टी काढून पुसून पुन्हा बुडवून दाखवली. तेल उलट थोडं कमीच होतं. तिसरे म्हणाले, हे इंजिनाचं नव्हेच, साखळीचं आहे. याला मात्र अगदीच उडवून लावता येईना, कारण साखळीला पाजलेलं तेल फिरताना उडतं, इंजिनाच्या अंगावर बसतं आणि निरपराध इंजिनाची बदनामी होते. चौथ्यांनी जुन्या इंग्रजी मोटारसायकलींवरची जुनी थट्टा ऐकवली: तेल गळायचं थांबलं, की समजावं तेल संपलं. आणि ते चहा प्यायला वर निघून गेले. या जगात सगळ्यात सुखी माणूस चौथा असतो.

आता थेंबाचं असं असतं, की तो मोठा प्रवासी. निघतो वरच्या कुठल्या तरी सांध्यातून. उतारानं खाली येतो. गाडी धावत असली तर वारा त्याला मागे रेटतो. सिलिंडरभोवतीच्या पात्यांच्या खाचांतून तो आडवा जातो, दोन-चार बोल्टांना वळसा घालतो आणि शेवटी इंजिनाच्या पार तळाशी, जो नट सगळ्यात खाली असेल त्याला लटकतो. बहुतेक गाड्यांत हा मान ड्रेन प्लगचा. तो काहीही करत नाही. फक्त सगळ्यात खाली असतो. आणि सगळ्यात खाली असणाऱ्यावर काय काय येतं, हे ज्यानं कुठल्याही कचेरीत नोकरी केली आहे त्याला मी काय सांगावं?

तेव्हा खरा पत्ता काढायचा तर रीत वेगळी आहे. इंजिन गार असताना डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन सगळा मळ काढायचा, साबणाच्या पाण्यानं धुवायचं, कोरडं ठणठणीत पुसायचं. मग संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवायची. (डबा देताना हिनं एवढंच विचारलं, "गाडीला लावताय की तुम्हाला? नाही, बरोबर कुठे निघालात म्हणून.") मग दहा मिनिटांचा फेरफटका मारून यायचं आणि बॅटरीच्या उजेडात बघायचं. कुठे बघायचं? जिथे सगळ्यात जास्त माखलंय तिथे नाही. जिथे ओल सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे सुरू होते तिथे.

ती सुरू होत होती टॅपेट कव्हरच्या गास्केटपाशी. पांढऱ्या पावडरीत एक बारीक काळी रेघ, तिथून थेट खालपर्यंत. ड्रेन प्लग निर्दोष सुटला. त्याची कोणी माफी मागितली नाही.

"मग आवळा!" चिटणीस म्हणाले.

आवळणे हा आपला राष्ट्रीय उपाय आहे. पोराला गुण कमी पडले, आवळा. कारकून उशिरा आला, आवळा. इंजिनाचं शरीर मात्र ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियम स्वभावानं मऊ. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला, की आतले आटे जातात, गास्केट चेपून फुटतं, कव्हर वाकडं होतं आणि मग जिथून थेंब येत होता तिथून धार येते. मी पाना बाजूला ठेवला आणि कोपऱ्यावरच्या उस्तादांना बोलावलं.

उस्तादांनी आधी चहा घेतला, मग रेघेकडे पाहिलं. "साहेब, गास्केट काय, बदलून देतो. पण चार वर्षं ते गप होतं ना? मग आत्ताच का रडायला लागलं, ते तर विचारा त्याला." त्यांनी गाडी सुरू केली आणि खाली लोंबणाऱ्या एका रबरी नळीच्या तोंडाशी तळहात धरला. धरला आणि मान हलवली. "श्वासच नाही."

ही नळी म्हणजे ब्रीदर. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखाली कोंडलेली हवा दाबली जाते. शिवाय जळलेल्या वायूतला थोडा पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली घुसतो. या सगळ्याला बाहेर पडायला वाट लागते, म्हणून ब्रीदर. ती वाट बुजली, की आतला दाब गप्प बसत नाही. तो प्रत्येक सांध्याला ढकलून बघतो आणि जो सगळ्यात थकलेला असेल त्याच्यातून, तेल बरोबर घेऊन, बाहेर पडतो. नुसतं नवं गास्केट घातलं असतं तर थोड्या दिवसांनी ते तरी रडलं असतं, नाहीतर शेजारचं एखादं ऑइल सील.

नळी काढून पाहिली तर तोंडाशी मातीचं घट्ट बूच. आम्ही लेकीकडे होतो त्या महिन्यात कुंभारीण माशीनं तिथे घर बांधलं होतं. गुन्हेगार बघायला जमलेली मंडळी जरा हिरमुसलीच. बाळंतपणासाठी जागा शोधणाऱ्या बाईवर खटला कसा भरायचा?

हा प्रश्न जिन्याखालचाच आहे असं मात्र समजू नका. इंजिनात जागोजाग रबरी रिंगा असतात. त्यांना ओ-रिंग म्हणतात. दोन भागांच्या फटीतून काही बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सात माणसं गेली. उजव्या बाजूच्या रॉकेटच्या सांध्यातली ओ-रिंग थंडीनं ताठरली होती. तिथून तापलेला वायू बाहेर पडला. चौकशी आयोगातले पदार्थशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा सर्वांसमोर बर्फाच्या पाण्यात बुडवून त्याची लवचिकता कशी जाते ते दाखवलं. रिंग पकडली गेली. पण रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी आदल्याच रात्री सांगितलं होतं, की एवढ्या थंडीत उडवू नका. ते म्हणणं वरपर्यंत पोचायची वाट वाटेतच बुजली होती, आणि निर्णय घेण्याच्या पद्धतीतच दोष होता हेही आयोगानं लिहून ठेवलं. रबर बिचारं रबरासारखं वागलं.

इथे तुम्ही म्हणाल, हे बरं आहे! गास्केटचा दोष नाही, माशीचा नाही, रबराचा नाही. असं वर वर सरकत गेलं तर शेवटी दोषी कोणीच उरणार नाही आणि तेल मात्र गळत राहील. शंका रास्त आहे. तिचं उत्तर मला उस्तादांच्या कामात दिसलं. नळी साफ झाली म्हणून त्यांनी गास्केट तसंच सोडलं नाही. जुन्याचे चिकटलेले तुकडे लाकडाच्या पट्टीनं, ओरखडा न उठवता काढले, नवं बसवलं, बोल्ट थोडे थोडे करून आलटूनपालटून बसवले. फाटलेलं ते फाटलेलंच. कारण कळलं म्हणून ते जुळत नाही. फक्त ते दुरुस्त करताना शिव्या द्यायची गरज उरत नाही.

मी नोकरीत होतो तेव्हा आमच्या कचेरीत एक खजिनदार होते. वीस वर्षं त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. एक दिवस पेन्शनचे पैसे न्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईंवर ते खिडकीतून असे ओरडले, की तिसऱ्या टेबलावरची फाईल खाली पडली. बाई रडत बाकावर बसल्या. शेजारच्या खिडकीवरचा माणूस सहा महिन्यांपूर्वी बदलून गेला होता, दोन माणसांचं काम हे एकटे ओढत होते, आणि तसं त्यांनी तीनदा लेखी कळवलंही होतं. पण बाईंचा काय अपराध? त्यांच्या वाट्याला तर ओरडणंच आलं होतं. अर्ध्या तासानं खजिनदार स्वतः बाकापाशी गेले, हात जोडले, बाईंचे पैसे मोजून त्यांच्या पिशवीत ठेवले आणि त्यांना रिक्षात बसवून आले. आपल्या वाट्याचं गास्केट त्यांनी बदललं.

दुसऱ्या दिवशी त्यांना मेमो मिळाला. त्यावर साहेबांची सही होती, तारीख होती, जावक क्रमांक होता. रिकाम्या जागेबद्दलचे त्यांचे तीन अर्जही त्याच फायलीत लावलेले होते, मेमोच्या बरोबर खाली. त्यांच्यावर शेवटपर्यंत कोणाचीच सही झाली नाही.