पितृऋण आणि शेतकऱ्याचे घराणे

माणूस जन्माला येतो तो ऋणे घेऊनच, हा विचार वैदिक काळापासूनचा आहे. तैत्तिरीय संहितेत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे ब्राह्मणासाठी सांगितली आहेत. पुढे शास्त्रांनी आणि लोकाचाराने ती गृहस्थमात्राला लागू केली. यज्ञाने देवांचे, अध्ययनाने ऋषींचे आणि संततीने पितरांचे ऋण फिटते, अशी ही मांडणी आहे. पण शेतकऱ्याच्या घरी एक अवघड प्रश्न उरतो. घराणे ज्या जमिनीवर उभे राहिले ती जमीन एकट्या पूर्वजाने घडवलेली नसेल, तर पितृऋण नेमके कोणाचे?

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाटच्या भातशेतीत हा प्रश्न स्पष्ट दिसतो. येथील पवार शेतकरी आपले मूळ माळव्यात सांगतात. नागपूरच्या भोसले घराण्यातील चिमणाजी भोसले यांना कटकच्या मोहिमेत साथ दिल्याबद्दल वैनगंगेकाठच्या जमिनी मिळाल्या, अशीही परंपरा त्यांच्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मण नाईक यांनी परसवाड्याच्या पठारावर गावे वसवली. त्या पठारावर आणि भोवतीच्या रानात गोंड आणि बैगा आधीपासून राहत होते.

1853 मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. घराण्याने दत्तक घेतला, पण इंग्रजांनी तो वारस मानला नाही आणि राज्य खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, 1867 मध्ये मंडला, सिवनी आणि भंडारा यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा तयार झाला. याच काळात बंदोबस्ताच्या मोजणीत गावे मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालकांच्या, नावे लागली. तोवर स्मरणात आणि भाटाच्या पोथीत असलेली घराणी आता सरकारी दप्तरात आली.

दप्तरात मालकाचे नाव येते. जमीन घडवणारे हात येत नाहीत. भाताची बांधी आयती मिळत नाही. उतार पाहून माती खणायची, धुरे घालायचे, बोडीत पाणी साठवून ते एका बांधीतून दुसरीत उतरवायचे, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालवायचे. आषाढात रोवणीला चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बहुतेक बायाच. माहेर सोडून आलेल्या या बायांनी आणि वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांनी घराण्याची जमीन उभी केली. वंशावळीत मात्र बाप, आजा, पणजा एवढेच उतरले.

पितृकर्मावर आक्षेपही एकोणिसाव्या शतकातच घेतला गेला. जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींच्या नावाने शेतकरी कसा नागवला जातो, हे सविस्तर मांडले. हा आक्षेप खरा आहे. कर्ज काढून घातलेल्या श्राद्धाने पूर्वजांचे देणे फिटत नाही, उलट त्यांनी राखलेली जमीन सावकाराच्या घशात जाते. मात्र या आक्षेपाने दक्षिणेचा आणि मध्यस्थाचा हक्क कोसळतो, कृतज्ञतेचे कर्तव्य नाही.

विधीच्या आतही रक्ताच्या नात्याची चौकट ओलांडणारा विचार आहे. तर्पणात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईकडच्या पितरांचीही नावे घेतली जातात. शेवटी अंगावरच्या वस्त्राचे टोक पिळून पडणारे पाणी कुळातील त्या मृतांना दिले जाते, ज्यांना पाणी द्यायला पुत्र नाही. पितृपक्षात नवमी सवाष्ण मेलेल्या बायांची असते, आणि मृत्यूची तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावस्या असते. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी बालाघाटची वाताहत केली. 1901 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. अशा काळात वाटेत, परगावी मेलेल्यांची तिथी घरी कळणे कठीण. त्यांच्यासाठी ही अमावस्या म्हणजे घराण्याच्या स्मरणात राखलेली जागाच.

परंपरेतील हा धागा पुढे नेला, तर पितृऋणाचा अर्थ स्पष्ट होतो. ज्यांच्या श्रमावर आपले जगणे उभे आहे, ते सारे पितर होत. आडनाव एक असो वा नसो. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि कसणाऱ्याचा हक्क पुढे आला. कायद्याने जे जमिनीबाबत मान्य केले, ते घराण्याच्या इतिहासातही मान्य व्हायला हवे. शेतकरी कुटुंबाचा इतिहास लिहिताना सातबारा, खसरा आणि वंशावळ यांच्या जोडीला सासुरवाशिणींची, गड्यांची आणि त्या जमिनीवर आधी राहणाऱ्यांची नोंद करावी. संततीने पितृऋण फिटते असे शास्त्र सांगते, पण ही नोंद राहून गेली तर ते ऋण अर्धेच फिटते.