भिंतीवरची तसबीर आणि दारातला माणूस



मागच्या उन्हाळ्यात आम्ही मुलानातवंडांसह मेलबर्नहून लेक्स एंट्रन्सला समुद्रावर निघालो होतो. वाटेत, सुमारे २८० किलोमीटरवर, बेर्न्सडेल नावाचे गाव लागते. तेथे हमरस्त्याला लागूनच लाल विटांचे सेंट मेरीज हे कॅथलिक चर्च आहे. आतली चित्रे पाहण्यासारखी आहेत, असे आमच्याबरोबर काम केलेल्या एका नर्सने पूर्वी सांगितले होते, म्हणून गाडी थांबवली. आम्ही आत गेलो. बारा वर्षांचा नातू मात्र दाराशीच थांबला. "आजी, मी नाही येत. आपल्याला चालत नाही," एवढेच तो म्हणाला.

आम्ही आग्रह केला नाही. त्याची बार मिट्झ्वाची शिकवणी चालू आहे, आणि अनेक रब्बींचे मत तो म्हणतो तसेच आहे. परंतु घरी परतल्यावर त्याने आमच्याच भिंतीकडे बोट दाखवले. अलिबागहून निघताना आईने ट्रंकेत घालून दिलेली एलियाहू हन्नाबीची तसबीर तेथे आहे. "मग हे कसे चालते?" या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस विचार केला. तोच येथे मांडीत आहोत.

आधी त्या चर्चविषयी. तेथील चित्रे काढणारा फ्रँक फ्लोरेआनी हा इटलीतून आलेला, चित्रकला शिकलेला माणूस. जगभर मंदी पसरलेली; परक्या देशात चित्रकाराला काम कोण देणार? मळ्यांवर मजुरी मिळेल या आशेने तो बेर्न्सडेलला आला. तेथील पाद्री फादर क्रेमिन यांनी आठवड्याला ३ पौंड ठरवून त्यास चर्च रंगवायला दिले. १९३१ साली सुरू झालेले हे काम काही वर्षे चालले, आणि १९३७-३८ च्या सुमारास त्याने तेथे आणखी चित्रे काढली. आज भिंती व छत देवदूतांनी, संतांनी, स्वर्ग-नरकाच्या देखाव्यांनी भरले आहेत. त्या काळी ऑस्ट्रेलियातील कॅथलिक मंडळी बहुतांशी आयरिश वंशाची होती. इटालियन माणूस त्यांच्या धर्माचा खरा, पण बोलण्याचालण्याने परकाच.

आता आपली दुसरी आज्ञा. मूर्ती व प्रतिमा करू नये आणि तिला नमन करू नये, अशी ती दुहेरी आहे. आपल्या पूर्वजांनी सर्वत्र तिचा एकच अर्थ लावला असे दिसत नाही. सीरियात दुरा-युरोपोस येथे १९३२ साली, म्हणजे फ्लोरेआनी बेर्न्सडेलला रंग कालवीत होता त्याच काळात, तिसऱ्या शतकातील एक यहुदी प्रार्थनामंदिर उत्खननात सापडले. त्याच्या भिंतींवर मोशे, दावीद राजा, एस्तेर राणी यांची चित्रे आहेत आणि आपला एलियाहूही आहे. इस्राएलात बेथ अल्फा येथे सहाव्या शतकातील मशिदीच्या फरशीवर अब्राहाम आणि इसहाक आहेत. ज्यांनी ती काढवली ते देवाला विसरले होते, असे कोण म्हणेल?

तरीही चित्रे निरुपद्रवी असतात असे आम्ही म्हणणार नाही. युरोपातील स्ट्रासबुर्गच्या मोठ्या चर्चवर तेराव्या शतकात एका स्त्रीची मूर्ती बसवली. तिचे डोळे बांधलेले, हातातला भाला मोडलेला. ती म्हणजे आपला यहुदी धर्म. अशा मूर्ती बघत बघत पिढ्यान्पिढ्या लोकांनी आपला तिरस्कार करणे शिकून घेतले. तेव्हा नातवाची धास्ती अगदीच निराधार नाही.

परंतु आमचे मन दुसऱ्याच आठवणीपाशी अडले. आम्ही इस्पितळात रात्रपाळीस असताना तंबाखूच्या मळ्यात आयुष्य काढलेले एक इटालियन आजोबा वॉर्डात होते. अखेरीस त्यांचे इंग्रजी पार गेले, उरली ती लहानपणची बोली. उशाशी मरियेचे एक लहानसे चित्र असे. एका रात्री आवराआवर करताना आम्ही ते खणात ठेवले. घाई होती हे खरे. पण आपल्या हातांनी हे कशाला मांडावे, असेही मनात आले होते, हे आज कबूल करतो. रात्रभर तो म्हातारा हात अंथरुणावर चाचपडत राहिला. तो काय शोधतो आहे ते आम्हांस पहाटे उमगले. चित्र काढून त्याच्या मुठीत दिले, तेव्हा तो शांत झाला.

आम्ही आज्ञा मोडली काय? पुष्कळ वर्षे हा प्रश्न मनात होता. आज वाटते, त्याचे उत्तर तोराच्या पहिल्याच अध्यायात आहे. देवाने माणसाला आपल्या प्रतिमेप्रमाणे घडवले, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे देवाने स्वतः केलेली प्रतिमा एकच, आणि ती त्या रात्री खाटेवर चाचपडत होती. कागदावरच्या चित्राला भिऊन आम्ही त्या प्रतिमेची हेळसांड केली.

फादर क्रेमिन यांच्या भिंतींवरचे काही आम्ही मानीत नाही. पण परक्या बोलीचा, बेकार माणूस दाराशी आला, तेव्हा त्यांनी त्याला त्याच्या हातांना शोभेल असे काम आणि पोटापुरता पगार दिला. भिंती नंतर रंगल्या. आपणही या देशात दुसऱ्यांच्या दाराशी उभे राहिलेले लोक आहोत. कोणी दार उघडले, कोणी नाही, हे प्रत्येकास ठाऊक आहे.

मग सगळेच चालते काय? नाही. येथे नातवाने आम्हांस बरोबर पकडले. अलिबागेत शेजारणी आपल्या देवांना घालीत, ते पाहून आमच्या आईने तसबिरीला फुलांचा हार घालायला सुरुवात केली होती. आम्हीही तेच चालवले. मुलांच्या परीक्षेच्या दिवशी तर त्यांना तसबिरीपुढे हात जोडायला लावले. एलियाहू हन्नाबीची आठवण करणे वेगळे आणि त्याच्या चित्राजवळ काही मागणे वेगळे. मागायचे ते एका परमेश्वराजवळ. हे आम्हांस माहीत होते, तरी हात सवयीने जात होता.

आता हार काढला आहे. तसबीर जागच्या जागी आहे, कारण तिच्यावरूनच तर नातवाला खंडाळ्याचा खडक आणि मलिद्याची गोष्ट सांगता आली. त्याला हे पटले. चर्चच्या दाराशी तो पुढच्या वेळीही थांबेल, आणि आम्ही तेव्हाही आग्रह करणार नाही.

वाचकांत आमच्याहून अधिक शिकलेले पुष्कळ आहेत. आमचे चुकत असेल तर त्यांनी जरूर लिहावे.