गळा कोणाचा, गाणं कोणासाठी?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६.

श्लोक छोटा आहे. ज्याच्यापासून हे सगळं जग चालू झालं आणि जो या सगळ्यात भरून राहिलाय, त्याची पूजा आपल्या वाट्याच्या कामाने करावी, त्यातच माणसाचं भलं आहे, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. माऊलींनी ज्ञानेश्वरीत हे आणखी गोड केलंय. आपली कर्मं हीच फुलं, आणि सगळ्यांच्या आत असलेल्या त्या ईश्वराला ती वाहायची, असा त्यांचा भाव.

हा श्लोक आपण बहुतेक वेळा स्वतःसाठी वाचतो. सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडताना थोडा धीर येतो, एवढंच. आज तो मुलांसाठी वाचूया. ज्यांना अजून मुलं नाहीत त्यांनीही थांबा. भाचे-पुतणे सगळ्यांना असतात, आणि सोसायटीतली पोरं तर हक्काने दार वाजवतात.

निमित्त असं की, परवा सत्संगानंतर एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांची लेक अकरा वर्षांची, छान गाते. ताईंची भावना चांगली होती: देवाने गळा दिलाय, तर तो लोकांच्या कामी यावा. म्हणून लेकीच्या वाढदिवसाला तिला एका वृद्धाश्रमात नेलं. पेटी नेली, तिने चार अभंग म्हटले, आजी-आजोबांनी टाळ्या वाजवल्या, फोटो झाले, फळं वाटली. येताना रिक्षात पोरीने विचारलं, "आई, त्या आजींना गाणं ऐकायचं होतं का, हे कोणी विचारलं होतं?" आणि आता ती पुन्हा यायला तयार नाही. ताई म्हणाल्या, "मी जबरदस्ती करू का? नाही केली तर ती स्वार्थी होईल, अशी भीती वाटते."

मला विचाराल तर त्या पोरीने श्लोक ताईंपेक्षा आणि माझ्यापेक्षाही नीट वाचलाय.

बघा, भगवंतांनी शब्द पूजेचा वापरलाय. आपल्या घरी पूजा कशी करतात? गणपतीला दूर्वा, शंकराला बेल, विठ्ठलाला तुळस. आपल्या कुंडीत तुळस भरपूर आलीय म्हणून एरवी कोणी ती गणपतीला वाहत नाही. आजी लगेच हात धरेल. आपल्याकडे काय आहे हे नंतर, समोर कोण आहे आणि त्याला काय आवडतं हे आधी. मूर्तीच्या बाबतीत हे आपल्याला पाठ असतं. पण चालत्या-बोलत्या माणसाकडे जाताना आपण आपल्या कुंडीतलं जे जास्त झालंय ते घेऊन निघतो. मुलांचा गुण सेवेत लावायचा म्हणजे पहिल्यांदा त्यांना समोरच्या माणसाकडे बघायला शिकवायचं. गुण नंतर आपोआप हाताशी येतो. कधीकधी तर वेगळाच गुण लागतो, ज्याच्यासाठी आपण क्लास लावलेलाच नसतो.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण दहावीच्या परीक्षेतलं आहे. दृष्टिहीन मुलांना पेपर लिहायला लेखनिक मिळतो, आपण त्याला सरळ रायटर म्हणतो. हा लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणजे बहुतेक वेळा आठवी-नववीतलं एखादं मूल. अक्षर चांगलं, शुद्धलेखन चांगलं, तीन तास आणि वर जो जादा वेळ मिळतो तो सगळा बसून लिहायची तयारी. शाळा शोधत असतात अशा मुलांना, आणि दर वर्षी कमी पडतात.

आता या मुलाने करायचं काय? प्रश्न नीट वाचून दाखवायचा. समोरचा जे सांगेल ते, तसंच लिहायचं. बस. ऐकायला सोपं आहे. पण नववीतली एक हुशार मुलगी डोळ्यांसमोर आणा. इतिहासाचा पेपर आहे, दादा सांगतोय ते साल चुकलंय, हे तिला माहीत आहे. पेन तिच्या हातात आहे. तिने बरोबर साल लिहिलं तर कोणाला कळणारही नाही, त्यालासुद्धा नाही. तिला वाटेल, मदतच तर करतेय! आणि तरीही तिने चुकलेलं सालच लिहायचं, कारण पेपर त्याचा आहे. मार्क त्याचे, चूक त्याची, पास झाल्यावरची मान ताठ तीही त्याची. तिने गुपचूप दुरुस्त केलं तर ती लबाडी होईलच, पण त्याच्याकडून परीक्षा देण्याचा हक्कही काढून घेतल्यासारखं होईल.

माझ्या ओळखीतल्या एका घरातल्या मुलीने हे केलंय. पेपर संपवून घरी आल्यावर तिने सांगितलेलं वाक्य माझ्या लक्षात राहिलंय: "हात दुखला नाही गं, गप्प बसून बसून घसा दुखला." आयुष्यभर हिला 'पटकन उत्तर दे' शिकवलेलं. त्या दिवशी देवाने दिलेली हुशारी मुठीत दाबून धरायची, आणि फक्त अक्षर पुढे करायचं. तीन तासांत ती जे शिकली ते मी दहा प्रवचनं देऊनही शिकवू शकले नसते. सेवा करताना आपला कुठला गुण पुढे करायचा आणि कुठला मागे ठेवायचा, हे समोरच्याच्या गरजेवर ठरतं.

घरातही हाच धडा रोज मिळू शकतो. आजोबांना फोनवरून लाइटबिल भरायचं असतं. नातू काय करतो? "द्या इकडे, मी करतो." वीस सेकंदांत काम होतं, आजोबा पुढच्या महिन्यात पुन्हा हात पसरतात. नातवाचा गुण वापरला गेला, पण आजोबांना काय मिळालं? तोच नातू दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्हीच दाबा, मी आहे," तर वीस मिनिटं लागतील. अर्धा जीव जाईल पोराचा. पण ती वीस मिनिटं पूजेत धरली जातील, असं मला मनापासून वाटतं.

आता एक अवघड भाग. 'देवाने दिलेला गुण' असं आपण सहज म्हणतो, आणि आजकालची मुलं तिथेच अडवतात. देवाने कुठे दिला? पाच वर्षं क्लास केलाय, फी बाबांनी भरलीय, रियाज मी केलाय! खोटं काय आहे त्यात? मला हा प्रश्न उद्धट वाटत नाही. पण त्याच्यासोबत एक पायरी पुढे जायला हवं. सूर चुकला की कानाला टोचतं, ते टोचणं कुठल्या क्लासमध्ये विकत मिळालं? आणि तसाच कान असलेली दुसरी एखादी मुलगी याच शहरात कुठेतरी भांडी घासत असेल, तिची फी भरणारं कोणी नव्हतं. मग आपल्या मेहनतीने आलं म्हणायचं ते नक्की किती? हा हिशोब मुलांसोबत बसून करावा, शांतपणे, टोमणा न मारता. गळा, कान, शिकवणारे सर, रोज सोडायला-आणायला येणारी आई, आणि हो, स्वतःची मेहनतही. त्या यादीत मुलाचं नाव असतंच, फक्त ते एकटं नसतं.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात (श्लोक १२ आणि १३) भगवंत फार कडक बोललेत. मिळालेलं परत न देता जो एकटाच भोगतो त्याला त्यांनी चोर म्हटलंय, आणि फक्त स्वतःपुरतं रांधणाऱ्याचं अन्न म्हणजे पाप. पण एक सांगू? हे श्लोक मोठ्यांनी स्वतःला लावावेत. दहा वर्षांच्या मुलाला 'तू देणेकरी आहेस' असं सांगून सेवेला पाठवलं तर ते सेवा करेलही, पण हप्ता भरल्यासारखी. एक तारखेला खात्यातून पैसे कापले जातात तशी. आधी मिळालंय ही जाणीव पोटभर होऊ दे. भरलेलं भांडं कधी सांडतं याची वाट बघायला हरकत नाही.

आणि जबरदस्ती? इथे मला कठोपनिषदातला नचिकेता आठवतो. त्याचे वडील मोठा यज्ञ करत होते, सर्वस्व दान करायचा. पण दानात देत होते म्हाताऱ्या, आटलेल्या गाई. बाकी कोणी बोललं नाही, लहान मुलाला दिसलं. त्याने विचारलं, बाबा, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. वडील चिडले आणि म्हणाले, तुला मृत्यूला देतो. ही गोष्ट आपण पुढच्या यमाच्या संवादासाठी वाचतो, पण सुरुवात बघा. आईबापाचं दान पोकळ असलं की मुलांना ते सगळ्यांत आधी कळतं. आणि स्वतःचा यज्ञ पूर्ण करण्याच्या नादात आपण मुलालाच दानात देऊन टाकतो. मुलाचा गुण त्याचा आहे. तो आपण वाहायचा नसतो. आपल्याला वाहायचं असेल तर आपलं काहीतरी शोधावं: आपला वेळ, आपलं ड्रायव्हिंग, आपला हिशोबातला हात.

म्हणून ताईंना मी एवढंच म्हटलं की जबरदस्ती नको, आणि विषय बंदही करू नका. पुन्हा जा, पेटी घरी ठेवून, वाढदिवस नसताना. नुसतं बसा. एखाद्या आजींना पेपर वाचून हवा असेल. एखाद्यांना बोलायचं असेल, तेच तेच चार वेळा. आणि कदाचित एखाद्या आजींनाच गायचं असेल! जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या बायका आता कितीशा राहिल्यात? मग लेकीचा सुरेल कान ऐकण्याच्या कामी येईल. आणखी एक अट घातली, ताई हसल्या पण कबूल झाल्या: फोटो नाही, स्टेटस नाही. हल्ली काही शाळा समाजसेवेचे तास मोजून प्रमाणपत्र देतात. मी त्याच्या अगदी विरोधात नाही. प्रमाणपत्रासाठी गेलेलं मूल एखाद्या माणसासाठी तिथेच रमू शकतं. पण कॅमेरा समोर असला की मूल आपण कसे दिसतोय ते बघतं, हे मात्र नक्की.

आपल्याकडे या बाबतीत गाडगेबाबांइतका स्पष्ट माणूस नाही. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्म, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, हातात खापराचं गाडगं आणि खराटा. आवाज आणि बोलणं असं की हजारो माणसं रात्र-रात्र बसून राहायची. एवढी देणगी असलेला माणूस गावात शिरला की आधी कीर्तनाला उभा राहावा ना? ते आधी झाडायला लागायचे. गावाची घाण डोळ्यांनी बघून, हातांनी उचलून झाली की मग रात्री कीर्तन, आणि त्यात गावालाच प्रश्न. कर्ज काढून सण कशाला करता, देवाला कोंबडं-बकरं का कापता, पोरांना शाळेत का घालत नाही? दिवसभर खराटा मारताना गाव वाचलेला असायचा, म्हणून प्रश्न नेमका लागायचा. संत सावता माळ्यांच्या बाबतीतही हेच: अरणच्या मळ्यात भाजी पिकवता पिकवता भक्ती. विठ्ठलच त्यांना भेटायला मळ्यात आला, अशी आपल्या वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

शेवटी त्या मुलांबद्दल, जी गात नाहीत, चित्र काढत नाहीत, ऑलिम्पियाडला बसत नाहीत. प्रत्येक वर्गात असं एक तरी असतं आणि त्याच्या आईला 'याला देवाने काय दिलंय?' या प्रश्नाने झोप लागत नाही. आमच्या रविवारच्या बालसंस्कार वर्गात असा एक मुलगा आहे. श्लोक पाठ होत नाहीत, टाळ लयीत वाजत नाही. पण कोण आलं नाही, हे सगळ्यांत आधी त्याच्या लक्षात येतं. "ताई, ती आज पण नाही आली. मागच्या रविवारी पण नव्हती." मी हजेरी घेते, पण मला एवढं दिसत नाही. या गुणाला बक्षीस नाही, स्टेज नाही, त्याचा क्लासही नाही. मी आता त्याला काम दिलंय: जे आलं नाही त्याच्या घरी संध्याकाळी फोन करायचा आणि 'का आला नाहीस' असं न विचारता 'कसा आहेस' विचारायचं. पहिल्या फोनला तो इतका घाबरला होता की समोरून आवाज आल्यावर ठेवूनच दिला. आता त्याचे फोन वीस-वीस मिनिटं चालतात, आणि त्याची आई म्हणते, बिल पाठवू का तुम्हाला?

उद्या श्लोक ४७. आपलं काम थोडं ओबडधोबड असलं तरी ते आपलंच बरं, असं तिथे भगवंत सांगतात. वाचून ठेवा, आणि जमलं तर घरातल्या पोरांना शेजारी बसवून वाचा.

राम कृष्ण हरी!